कॅमेरा-कट्टा : छोट्या कॅमेऱ्याची रॉ फाइल, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की तुमच्या छोट्या कॅमेऱ्यात रॉ ची, म्हणजे सेन्सरने (उजेड टिपणाऱ्या चिपने) लिहिलेला कच्चा डेटा तसाच ठेवायची सोय असेल तर ती एकदा चालू करून बघा, जेपेगवर, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच तयार करून दिलेल्या फोटोवर, थांबू नका. त्यावर खूप मेल आले, आणि बहुतेकांचा सूर एकच, की चालू केलं ताई, पण आता पुढे काय? म्हणून आजचं सगळं सदर त्यालाच देतेय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (गिरगाव) : ताई, मी बँकेतून रिटायर झालेला माणूस. मुलाने त्याचा जुना सोनी आरएक्स १०० मला दिलाय. तुमचं वाचून रॉ प्लस जेपेग लावलं आणि सकाळी खोताच्या वाडीत जाऊन लाकडी घरांचे फोटो काढले. घरी कॉम्प्युटरवर बघतो तर जेपेग छान, आणि रॉ मात्र मळकट, फिकी, दाणेदार, आणि वर घरांचे खांब कडेला चक्क वाकलेले. गंमत म्हणजे फाइल उघडताना पहिला सेकंदभर छान दिसते आणि मग बिघडते. कॅमेरा खराब झालाय का?

उत्तर : काका, कॅमेरा ठणठणीत आहे, काळजी करू नका. तुम्ही जे बघितलं ते फार नीट टिपलंय, त्यातलं एकेक घेऊया.

पहिला सेकंदभर जे छान दिसतं ते रॉ नसतंच मुळी. जवळजवळ प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेलं एक जेपेग ठेवलेलं असतं, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आपण फोटो बघतो तेव्हासुद्धा तेच दिसतं. सॉफ्टवेअर आधी ते दाखवतं आणि तोवर मागे खरा डेटा उलगडायला घेतं, तो उलगडला की तुमचा फोटो "बिघडतो". बिघडत काही नाही, कॅमेऱ्याने केलेले संस्कार गळून पडतात एवढंच.

आता खरा डेटा म्हणजे काय. सेन्सरवरच्या एका पिक्सेलला तिन्ही रंग दिसत नाहीत, एकच दिसतो. कोडकमधल्या ब्राइस बायर यांनी लाल, हिरवा, निळा असे बारीक फिल्टर पिक्सेलवर चौकटीच्या नक्षीत बसवायची कल्पना काढली, त्याचं पेटंट १९७६ चं, आणि आजही बहुतेक सगळे कॅमेरे त्याच नक्षीवर चालतात. अर्धे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे तुमच्या २० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साधारण १ कोटी हिरवे, ५० लाख लाल आणि ५० लाख निळे, आणि प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून सॉफ्टवेअरने अंदाजाने भरायचे. या भरण्याला डीमोझेइक म्हणतात. तो अंदाज कसा करायचा याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत म्हणून तर एकच फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये जराशी वेगळी दिसते.

दुसरी गोष्ट फिकेपणाची. सेन्सर हिशोबाला पक्का असतो, दुप्पट उजेड पडला की दुप्पट आकडा लिहितो. आपल्या डोळ्याचं तसं नसतं, आपल्याला अंधारातले फरक जास्त जाणवतात. त्यामुळे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे दाखवले तर फोटो काळपट दिसेल, म्हणून त्यावर एक कर्व्ह चढवावा लागतो, मधले टोन वर उचलायचे, थोडा कॉन्ट्रास्ट द्यायचा. कॅमेऱ्यातला कर्व्ह भडक आणि आकर्षक असतो कारण कंपनीला तो फोटो लगेच आवडायला हवा असतो, आणि रॉ सॉफ्टवेअर सुरुवातीला बेताचा कर्व्ह लावतं कारण पुढचं तुम्ही ठरवणार असं ते धरून चालतं. दाणे पण म्हणूनच, जेपेग बनवताना कॅमेऱ्याने ते पुसलेले असतात, आणि पुसताना लाकडावरच्या बारीक रेषाही थोड्या पुसलेल्या असतात, हे दोन्ही फोटो शेजारी मोठे करून बघाल तर लगेच कळेल.

आणि वाकलेले खांब. खिशात मावणारा कॅमेरा, त्यात झूम, त्यात एफ १.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स, हे सगळं काचेतच अगदी सरळ करायचं म्हटलं तर लेन्स मोठी आणि महाग होणार. म्हणून कंपन्या वाइड अँगलला लेन्स थोडी वाकडी राहू देतात आणि ती वाकडी रेषा सॉफ्टवेअरने सरळ करतात. २००८ च्या पॅनासोनिक एलएक्स ३ च्या वेळी यावर बरीच चर्चा झाली होती, कारण कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये सगळं सरळ आणि काही सॉफ्टवेअरमध्ये रॉ उघडली की गोलाई उघडी पडायची. पुढे २००९ मध्ये डीएनजी या ॲडोबीच्या खुल्या रॉ फॉरमॅटच्या १.३ आवृत्तीत अशा दुरुस्तीच्या सूचना फाइलमध्येच लिहायची सोय झाली. आज लाइटरूम हे रॉ धुवायचं (म्हणजे त्यातून फोटो तयार करायचं) सॉफ्टवेअर तुमच्या कॅमेऱ्यासाठी ही दुरुस्ती आपोआप करतं, रॉथेरपी आणि डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मात्र लेन्स करेक्शन चालू आहे का ते तुम्हाला बघावं लागतं. नसेल तर ते चालू करा, खांब उभे राहतील. एक लक्षात घ्या, दुरुस्तीत कोपरे ताणले जातात आणि थोडा भाग कापला जातो, म्हणून फोटो काढतानाच घराच्या कडेला जरा जागा सोडायची सवय लावा.

मग एवढी खटपट कशासाठी? तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, छोट्या कॅमेऱ्यांची रॉ साधारण १२ बिटची धरली तर ४०९६. वाडीत सकाळी वर आकाश चमकतं आणि व्हरांडा अंधारात असतो, तिथे व्हरांडा उचलायला गेलात की जेपेगमध्ये त्या अंधारात नुसते चट्टे उठतात आणि रॉ मध्ये लाकूड दिसतं. आणि मला विचाराल तर त्याहून मोठी गोष्ट ही की किती पुसायचं, किती ठेवायचं, सकाळ किती पिवळी ठेवायची, हे कॅमेऱ्याने न ठरवता तुम्ही ठरवता, तुम्ही तिथे उभे होतात ना, कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅमला काय माहीत खोताच्या वाडीतली सकाळ कशी असते.

सुरुवात अशी करा, रॉथेरपीमध्ये ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह नावाचं बटण आहे, ते फाइलच्या पोटातल्या जेपेगशी ताळमेळ घालून तसाच कर्व्ह लावून देतं. म्हणजे तुम्ही शून्यापासून नाही, कॅमेरा जिथे पोचला तिथून पुढे निघता. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची.

प्रश्न (दादर) : हाय ताई, मी सेकंड इयरला आहे, घरात बाबांचा जुना कॅनन पॉवरशॉट ए ५७० आयएस सापडला, अजून मस्त चालतो, दोन पेन्सिल सेलवर! पण मेनू पूर्ण शोधला त्यात रॉ कुठेच नाही. मित्र म्हणतो हॅक करून रॉ मिळते. खरं आहे का आणि कॅमेरा बंद पडला तर बाबा मला घरात घेणार नाहीत 😅

उत्तर : खरं आहे, आणि बाबांना आधी सांगून कर म्हणजे प्रश्नच मिटला.

त्याचं नाव सीएचडीके. कॅननच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांसाठी हौशी प्रोग्रॅमर लोकांनी बनवलेलं आणि फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर आहे. कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा कच्चा डेटा तर प्रत्येक फोटोला तयार होतच असतो, त्याच्याशिवाय जेपेग बनणार कसं, फक्त स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी तो कार्डावर लिहू देत नाही. आणि स्वस्तच कशाला, कॅननने २००६ मध्ये जी ७ सारख्या महागड्या कॉम्पॅक्टमधूनही रॉ काढून टाकली होती, लोक नाराज झाले, आणि २००७ च्या जी ९ मध्ये ती परत आली. सीएचडीके तो डेटा डीएनजी फाइल म्हणून कार्डावर लिहून देतं.

भीतीचं म्हणशील तर हे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याचं मूळ फर्मवेअर, म्हणजे कंपनीने आत घातलेलं सॉफ्टवेअर, पुसत नाही. ते कार्डावर राहतं, कॅमेरा चालू केला की मेमरीत चढतं, बंद केला की जातं. कार्ड बदललंस की कॅमेरा पहिल्यासारखा. तरी सगळं आपल्या जबाबदारीवर, हे बनवणारेही तेच सांगतात.

काम करताना दोन-तीन ठिकाणी लोक अडतात तेवढं सांगते. पहिलं म्हणजे एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या फर्मवेअर व्हर्जनसाठी वेगळी फाइल लागते, तेव्हा आधी तुझ्या कॅमेऱ्याचं व्हर्जन शोध, त्याने काढलेल्या फोटोच्या एक्झिफ माहितीत (फोटोच्या फाइलमध्येच कॅमेरा लिहून ठेवतो ती) ते सापडतं. दुसरं, कार्ड लहान घे, २ जीबीचं साधं एसडी कार्ड मिळालं तर सगळ्यात सोपं, मोठ्या कार्डावरून या जुन्या कॅमेऱ्याला हे चढवणं कटकटीचं होतं. तिसरं, कार्डाच्या कडेला जी छोटी लॉकची पट्टी असते ती लॉक करून ठेवायची, तेव्हाच सीएचडीके आपोआप सुरू होतं. लॉक असूनही फोटो सेव्ह होतात, घाबरू नको. आणि डीएनजी चालू करण्याआधी सीएचडीकेच्या मेनूतून बॅडपिक्सेलची फाइल बनवून घे, प्रत्येक सेन्सरवर काही मेलेले पिक्सेल असतात, जेपेगमध्ये कॅमेरा ते लपवतो, तुझ्या रॉ मध्ये ते ठिपके होऊन दिसतील.

७.१ मेगापिक्सेल आणि १० बिट म्हणजे एक फाइल साधारण ९ एमबीची होते, कारण ती कॉम्प्रेस केलेली नसते, त्यामुळे फोटो काढल्यावर कॅमेरा थोडा वेळ थांबेल. रस्त्यावरचे पटापट फोटो यात जमणार नाहीत.

आता मनातलं सांगते, फार मोठ्या अपेक्षा ठेवू नको. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर पावणेसहा बाय सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास आहे, तो हातात मावेल तेवढाच उजेड धरतो, जळालेलं आकाश रॉ मध्येही जळालेलंच राहील. पण जेपेगमध्ये झाडांच्या पानांचा जो हिरवा लगदा होतो तो होणार नाही, आणि आयएसओ (उजेड कमी असताना वाढवतो तो आकडा) ८० किंवा १०० ला दिवसा काढलेला फोटो तुला चकित करेल याची मला खात्री आहे. शिवाजी पार्कात सकाळी सातला जाऊन बघ, कोवळं ऊन आणि पावसाळी झाडं, या कॅमेऱ्याला तेच मानवतं.

प्रश्न (विक्रोळी, कुर्ला आणि अजून बरेच) : फुकट सॉफ्टवेअर कुठलं? लॅपटॉप जुना आहे.

उत्तर : रॉथेरपी किंवा डार्कटेबल. दोन्ही पूर्ण फुकट, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतात. जुन्या लॅपटॉपवर आधी रॉथेरपी लावून बघा. डार्कटेबल ताकदवान आहे पण शिकायला वेळ देतो असं ठरवूनच त्यात उतरा. सोनी, कॅननची स्वतःची सॉफ्टवेअर पण फुकट असतात आणि त्यात रंग कॅमेऱ्यासारखे येतात, ज्यांना कॅमेऱ्याचे रंग आवडतात त्यांनी तिथेच राहायला काही हरकत नाही.

या निमित्ताने एका माणसाचं नाव घ्यायला हवं. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये डीसीरॉ नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहायला घेतला, कंपन्या आपापले रॉ फॉरमॅट गुपित ठेवायच्या आणि हा माणूस एकेक कॅमेऱ्याची फाइल उकलत गेला आणि तो कोड सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. त्यावरूनच पुढे लिबरॉ नावाची लायब्ररी आली आणि आज कितीतरी सॉफ्टवेअर तिच्यावर उभी आहेत, विंडोजमध्ये रॉ फाइल दिसाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने जे एक्स्टेन्शन दिलंय तेसुद्धा. आपल्या पंधरा वर्षं जुन्या कॅमेऱ्याची फाइल आज उघडते त्यात या कामाचा फार मोठा वाटा आहे.

प्रश्न (लालबाग) : ताई आमच्या मंडळाच्या गणपतीचे फोटो दरवर्षी मीच काढतो, कॅमेरा छोटाच आहे पण रॉ काढतो. मूर्तीवर निळी जांभळी एलईडी लाइट असते. फोटोत मूर्तीच्या चेहऱ्यावर निळा डाग पडतो एकदम सपाट, मुकुटाची नक्षी पण जाते. हिस्टोग्राम तर बरोबर दाखवत असतो, उजवीकडे काहीच कापलेलं नसतं. रॉ आहे तर परत का येत नाही?

उत्तर : दादा, हा प्रश्न सगळ्या मुंबईचा आहे, लालबागपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक मंडपात आता हीच लाइट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार आणि उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख, तुम्हाला खोटं सांगत नाही, तो अपुरं सांगतो. शूटिंग करताना स्क्रीनवर जो पांढरा आलेख दिसतो तो ब्राइटनेसचा असतो, आणि ब्राइटनेस काढताना नेहमीच्या हिशोबात हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला फक्त ७ टक्के वजन असतं, कारण आपल्या डोळ्याला निळ्याची चमक कमी जाणवते. आता तुमच्या मूर्तीवर जवळजवळ सगळा उजेड निळाच. निळे पिक्सेल काठोकाठ भरून ओतू गेले तरी आलेख म्हणतो सगळं ठीक आहे, अंधारच आहे, वाढवा एक्स्पोजर! आणि कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटरही बहुतेक वेळा तसाच फसतो.

भरून गेलेला पिक्सेल म्हणजे तिथली माहिती संपली. रॉ मध्ये जे लिहिलंच गेलं नाही ते रॉ परत कुठून देणार. लाल-हिरवा थोडा शिल्लक असेल तर हायलाइट रिकव्हरी त्यावरून काहीतरी आकार उभा करते, पण शुद्ध निळ्या लाइटमध्ये लाल-हिरव्यातही फारसं काही नसतं. त्यामुळे या बाबतीत काम कॅमेऱ्यापाशीच करायचं.

फोटो काढल्यावर प्लेबॅकमध्ये जाऊन लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम बघा, बऱ्याच कॅमेऱ्यांत डिस्प्लेचं बटण दाबत गेलं की तो येतो. निळा उजव्या भिंतीला चिकटलेला असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक स्टॉप खाली (म्हणजे उजेड निम्मा), तरी चिकटला तर अजून खाली. फोटो स्क्रीनवर काळा दिसेल, दिसू द्या. अजून एक, हा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, रॉ वरून नाही, म्हणून पिक्चर स्टाइलमध्ये कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन अगदी कमी करून ठेवा, जेपेग फिकं येईल पण हिस्टोग्राम रॉ च्या जास्त जवळ जाईल. आणि मंडळात तुमचा शब्द चालत असेल तर लाइटवाल्याला सांगून फोटोपुरती दोन मिनिटं समोरून एक साधी वॉर्म लाइट मारून घ्या, त्या दोन मिनिटांनी जे काम होईल ते कॉम्प्युटरवर रात्रभर बसून होणार नाही.

आता दुसरा भाग. समजा निळा भरलेला नाही, तरीही उघडल्यावर डाग सपाटच दिसतो. हे वेगळं कारण आहे. एलईडीचा निळा इतका शुद्ध असतो की आपल्या साध्या स्क्रीनच्या एसआरजीबी रंगांच्या कुंपणात तो मावत नाही, मग सॉफ्टवेअर त्याला कुंपणाच्या काठावर आणून दाबतं आणि नक्षीतले सगळे निळे एकाच जागी येऊन बसतात. इथे मात्र रॉ तुम्हाला वाचवते. डार्कटेबलच्या कलर कॅलिब्रेशनमध्ये गॅमट कॉम्प्रेशनचा (गॅमट म्हणजेच ते रंगांचं कुंपण) स्लायडर आहे तो वाढवा, लाइटरूम वापरत असाल तर कॅलिब्रेशन पॅनेलमध्ये ब्लू प्रायमरीचं सॅच्युरेशन खाली आणा, आणि मुकुटाची नक्षी हळूहळू वर येताना दिसेल. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगांचा तोल बदलून, निळी लाइट पांढरी करायच्या भानगडीत पडू नका, मंडपात निळं होतं तर फोटोतही निळं राहू दे, फक्त चेहरा दिसला पाहिजे, बाप्पाचे डोळे दिसले पाहिजेत, बाकी सगळं त्याच्यानंतर.

प्रश्न (चर्नी रोड) : रात्री मरीन ड्राइव्हचे फोटो रॉ मध्ये काढले. जुने फोटो (सोडियमच्या दिव्यांचे) पण रॉ आहेत. नव्या फोटोत व्हाइट बॅलन्स नीट होतो, जुन्यात काही केल्या होत नाही, माणसं एकतर केशरी नाहीतर राखाडी. असं का?

उत्तर : कारण जुन्या उजेडात रंगच नव्हते. सोडियमचा दिवा मुख्यतः पिवळ्या-केशरी पट्ट्यातच उजेड देतो, निळा तर जवळजवळ नाहीच. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल आणि निळ्याच्या आकड्यांना कमीजास्त गुणणं. निळ्यात मुळात काही नसेल तर गुणून फक्त निळा नॉइज, म्हणजे निळे दाणे, वाढतात. २०१५ च्या सुमाराला तिथे पांढरे एलईडी लावले तेव्हा क्वीन्स नेकलेसचा रंग गेला म्हणून केवढी ओरड झाली होती ते आठवत असेल, पण फोटो धुणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर एलईडीत सगळे रंग थोडेफार असतात, म्हणून तुमचे नवे फोटो सुधारतात.

जुन्या फोटोंना पांढरं करायचा हट्ट सोडा. टेम्परेचर जितकं खाली जातं त्याच्या जरा अलीकडे थांबा, केशरी राहू द्या, किंवा सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा आणि त्यात निळ्या चॅनेलचा वाटा शून्य ठेवा, नॉइज बराच कमी होईल. त्या फोटोंची किंमत तर वाढतच जाणार आहे, तो उजेड आता परत मिळायचा नाही.

व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर वापरणाऱ्या सगळ्यांसाठी अजून एक, स्टेशनच्या नावाच्या पाटीवर क्लिक करू नका, ती पिवळी असते, फोटो निळा होईल. प्लॅटफॉर्मचं काँक्रीट किंवा डांबर त्यापेक्षा बरं.

प्रश्न (डोंबिवली) : संध्याकाळच्या लोकलमध्ये फोटो काढते, दारात उभ्या बायका, खिडकीतला उजेड वगैरे. आयएसओ १६०० च्या खाली भागतच नाही. नॉइज काढला की चेहरे प्लास्टिकचे दिसतात, नाही काढला तर रंगीबेरंगी किडे. मधला रस्ता आहे का?

उत्तर : आहे, आणि तो छोट्या कॅमेऱ्यावर सगळ्यात आधी शिकायला हवा.

नॉइजचे दोन प्रकार वेगळे धरायचे. एक रंगाचा, हे तुमचे लाल-हिरवे किडे, आणि एक उजेडाचा, म्हणजे नुसते राखाडी दाणे. रंगाचा नॉइज भरपूर काढा, हात आखडू नका, कारण आपला डोळा रंगातले बारीक तपशील तसेही कमी बघतो. उजेडाचा नॉइज मात्र थोडाच काढा, किंवा काढूच नका, कारण पापण्या, केस, साडीचे काठ हे सगळं त्याच दाण्यांमध्ये मिसळलेलं असतं, आणि कॅमेऱ्याचं जेपेग प्लास्टिक दिसतं ते दोन्ही एकाच झाडूने काढल्यामुळे.

हा नॉइज येतो कुठून हेही समजून घ्या. उजेड कणाकणाने येतो आणि कणांचं येणं कधीच एकसारखं नसतं. एका पिक्सेलवर १०,००० कण आले तर त्यात साधारण १०० चा चढउतार, म्हणजे १ टक्का. फक्त १०० आले तर १० चा चढउतार, म्हणजे १० टक्के. आयएसओ वाढवल्याने नॉइज येत नाही, उजेड कमी मिळाल्याने येतो. म्हणून अंधार आहे म्हणून मुद्दाम अंडर, म्हणजे काळपट, काढून घरी उचलायचं असं करू नका, लेन्स पूर्ण उघडी ठेवा, झूम करू नका (झूम केलं की या कॅमेऱ्यांचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक, लगेच लहान होतं), आणि गाडी स्टेशनात थांबलेली असताना शटर १/६० सेकंदापर्यंत खाली आणा, गाडी धावत असेल तेव्हा वर न्या.

आणि फोटो शेवटी केवढा दाखवणार ते बघून ठरवा. तुमची फाइल ५४७२ पिक्सेल रुंद असेल आणि फोनवर दाखवायला १८२४ केली तर ९ पिक्सेलचा १ होतो आणि नॉइज साधारण तिसरा हिस्सा राहतो. म्हणजे १०० टक्के झूम करून ज्या दाण्यांवर तुम्ही तासभर घालवला ते कुणाला दिसणारच नव्हते. १२ बाय ८ इंचाच्या प्रिंटवर तर हे दाणे मला स्वतःला छान वाटतात, कागदाला अंग येतं.

फोटो काढताना समोरच्या बाईला विचारून काढताय ना? तेवढं असू द्या.

प्रश्न (भायखळा) : बोराबाजारात सेकंडहँड कॉम्पॅक्ट घ्यायचा विचार आहे, रॉ वाला. काय बघून घेऊ?

उत्तर : लेन्स. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये बुरशी धरते, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स बाहेर निघत नाही, उघडून साफ करायचा खर्च बरेचदा कॅमेऱ्याइतकाच होतो. दुकानातच मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सोडून द्या. बुरशीने सगळ्या फोटोवर एक धुरकट पडदा येतो, रॉ मध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून तो जात नाही, नॉइज तेवढा वाढतो. लेन्सवर टोपी ठेवून किंवा हाताने झाकून एक फोटो काढा आणि मोठा करून बघा, सेन्सरवरचे चमकणारे ठिपके कळतील. थोडे असतात, ते सॉफ्टवेअर काढतं. घरी आणल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, जून ते सप्टेंबर तर हवंच.

सेन्सरचा आकडाही विचारा. १ इंची म्हणतात त्याचं क्षेत्रफळ सुमारे ११६ चौरस मिलिमीटर, १/१.७ इंचवाल्याचं ४० च्या आसपास, १/२.३ इंचवाल्याचं २८. रॉ मधून किती हाती लागेल हे मेगापिक्सेलपेक्षा यावर जास्त ठरतं.

प्रश्न (ठाणे) : फोटो धुऊन जेपेग बनवलं की रॉ डिलीट करू का? डिस्क भरली. आणि डीएनजी करून ठेवावं का?

उत्तर : रॉ डिलीट करू नका. वाईट फोटोंची रॉ खुशाल उडवा, हललेले, डोळे मिटलेले, एकाच गोष्टीचे दहा. पण जो फोटो धुतलात त्याची रॉ ठेवाच, कारण डीमोझेइक आणि नॉइज काढायच्या पद्धती दरवर्षी सुधारतात आणि २०१२ ची फाइल आजच्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हापेक्षा खरंच चांगली उघडते.

डीएनजी हा ॲडोबीने २००४ मध्ये आणलेला खुला फॉरमॅट, त्याचा कन्व्हर्टर फुकट आहे. तुमच्या सॉफ्टवेअरला नव्या कॅमेऱ्याची फाइल उघडत नसेल तर तो वापरा, फोनवर स्नॅपसीडमध्ये धुवायचं असेल तरी डीएनजी सोयीचं. नाहीतर सोनीची एआरडब्ल्यू, निकॉनची एनआरडब्ल्यू, पॅनासोनिकची आरडब्ल्यू २ आहे तशीच राहू दे. सोबत जी छोटी फाइल बनते, रॉथेरपीची पीपी ३ किंवा डार्कटेबलची एक्सएमपी, तीही जपा, तुम्ही केलेले सगळे बदल त्यात असतात, रॉ ला तर कुणी हातही लावलेला नसतो.

प्रती दोन ठेवा, आणि दोन्ही एकाच घरात नकोत. एक डिस्क तुमच्याकडे, एक बहिणीकडे किंवा गावी. तळमजल्यावर राहत असाल तर घरातली डिस्क पावसाळ्याआधी माळ्यावर चढवा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना कॅमेऱ्याचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरचं नाव नक्की लिहा, आणि जमलं तर रॉ फाइलच पाठवा, तिचा स्क्रीनशॉट नको.